तीन बोटांचा खेळ

पांगरझरीची ग्रामसभा लिंबाखाली भरते, कारण गावाच्या सभामंडपात उत्तमरावाचं सोयाबीन झोपलेलं असतं. भाव वर आला की ते उठणार, आणि भाव काही वर येत नाही. मंडपाला कुलूप, कुलपाची चावी उत्तमरावाच्या कमरेला, आणि गाव लिंबाच्या सावलीमागं सरकत सरकत बसलेलं.

त्या दिवशी सावलीचीही गरज नव्हती. पौषाच्या महिन्यात आभाळ श्रावणासारखं लोंबत होतं. ज्याच्या त्याच्या वावरात कापूस फुटून उभा, आणि ज्याची त्याची मान घटकेघटकेला वर.

धम्मशीला उभी राहिली. पऱ्हाटीच्या वाळल्या बोंडांनी ओरबाडलेले हात तिनं पदराखाली घेतले, मग काय वाटलं कोण जाणे, बाहेर काढले. दिवसा ती दुसऱ्याच्या वावरात कापूस वेचायची आणि सांजेला जागल कलापथक चालवायची. पीक उभं असलं की रात्री माळ्यावर बसून राखण करतात ती जागल. नाव तिच्या सासूनं ठेवलेलं. पथक म्हणजे चार माणसं. ही, हिचा नवरा नागसेन ढोलकीवर, सासू महामाया गाणी रचणारी, आणि रंगराव सोंगाड्या. आजवर त्यांनी संडासाचे, लसीचे, पीकविम्याचे खेळ केले होते, दुसऱ्यानं लिहून दिलेले. आता पहिल्यांदा घरचा खेळ उभा राहिला होता.

"आमाले पैसा नाई पाह्यजे," ती म्हणाली. "सरावाले मंडप द्या. पहिला खेळ आपल्या गावात, मंग डोणगावपावतर जितकी गावं होतीन तितकी. गावाचं ट्रॅक्टर न्याले-आनाले, अन् सांजच्या भाकरी. गाव आमच्या पाठीशी हाय, इतका ठराव करा."

सरपंच सुचिताबाई होत्या. बोलत होता त्यांचा नवरा गजेंद्र. त्याला पद नव्हतं, खुर्ची होती.

"देऊ ना," गजेंद्र म्हणाला. "मंडप देऊ, ट्रॅक्टर देऊ, मांगं मोठं ब्यानर लावू. तुमच्या चौघाचे फोटो टाकू. फक्त तो थ्रेशरचा भाग तेवढा बदला."

"कसा बदलू, भाऊ?"

"साप घ्या. नागसेनच्या हाताले साप चावला, बोटं कापा लागली. लोकाइले साप लय आवडते. अन् जनजागृती होते थे वेगळीच."

लोक हसले. मागच्या बाजूला नागसेन बसला होता, उजवा हात पँटीच्या खिशात घालून. तीन बोटं गेल्यापासून चारचौघांत तो हात तिथंच राहायचा.

उत्तमराव गजेंद्राचा काका. पांढऱ्याशुभ्र मिशीवरून त्यानं आधी अंगठा फिरवला, मग तोंड उघडलं. "मी म्हन्तो ना, थ्रेशरच दाखवाचा असन तं खरं दाखवा. पेऊन होता म्हना गडी. दवाखान्यातही मी तेच सांगतलं."

आता कोणी हसलं नाही. नागसेननं आयुष्यात दारू चाखली नव्हती, हे गावातला दारू विकणारासुद्धा शपथेवर सांगू शकला असता. मळणीची मशीन सुसाट चालावी म्हणून उत्तमरावानं तिच्या तोंडावरची जाळी काढायला लावली होती, हेही गावाला ठाऊक होतं. ठाऊक असणं आणि बोलणं यांच्या मध्ये उत्तमरावाचं वावर होतं. अर्ध्या गावाची मजुरी त्यातूनच यायची.

"गजेंद्रभाऊ," धम्मशीला म्हणाली, "सापाले बोलता येत नाई म्हनून त्याच्या डोक्यावर घालता काय? सापानं या गावात कोनाचं बोट खाल्लं नाई. मशीननं खाल्लं. बिचाऱ्या सापाचं नाव काऊन खराब करू?"

"मंग ठराव नाई."

"नोका करू."

सुचिताबाई मघापासून लिंबाचं एक पान शिरेशिरेनं सोलत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

*

घरी महामाया तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. नागसेन आला आणि भिंतीला टेकला. मग म्हणाला, "साप घेतला असता तं काय आभाय कोसयलं असतं?"

धम्मशीला चुलीत काडी सारत होती. ती थांबली.

"ढोलकी वाजली असती," तो म्हणाला. "मंडपात, लायटाखाली. मले आता कोन कामाले बोलावते? कुऱ्हाड धरता येत नाई, फवारा धरता येत नाई. या हातानं एकच गोष्ट होते. थे बी तू घालवली."

त्याचं खोटं नव्हतं. बोटं गेल्यावर त्यानं ढोलकीची बाजू बदलली, अंगठा आणि करंगळीवर नवा ठेका बसवला. तो ठेका पहिल्यासारखा गोल नव्हता. धावत येऊन उंबऱ्याशी अडखळावं, मग आत यावं, तसा एक ठोका किंचित मागून यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा धम्मशीला न्हाणीत जाऊन रडली होती. नंतर तिला त्याच्याशिवाय दुसरा ठेका गोड लागेना.

"तुमाले पेताड म्हनला थो," ती म्हणाली. "साऱ्या गावात. अन् तुमी साप घेता?"

"म्या काय करू मंग? हात काढून दाखवू?"

"हाव."

महामायेनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. बोळक्या तोंडानं, कोणाकडेही न बघता, ती म्हणाली,

"पेरलं थे उगवते, बोलनं हे लोकाचं
तीन बोटं पेरली म्या, पीक येईन कशाचं?"

"आत्याबाई, हे केवा केलं?"

"आत्ता. तुमी भांडून राह्यले तवा." म्हातारीनं पुन्हा सूप ओढलं. "घाला खेळात. अन् साप घालान तं मले म्हातारीले इचाराले येऊ नोका. माया पोराले सापानं नाई खाल्लं."

*

पुढल्या सांजेला विहारापुढल्या पटांगणात त्यांनी सतरंज्या अंथरल्या. मंडप नाही तर नाही. रंगराव लवकर येऊन बसला होता. तो उत्तमरावाच्याच भावकीतला. वाटणीत उत्तमरावाकडं काळी गेली आणि ह्याच्याकडं खडक आला. खेळात तो थ्रेशर व्हायचा. पोटाला तेलाचा कापलेला डबा बांधायचा, गळ्यातून घरघर काढायचा आणि दोन्ही हात तोंडासारखे उघडून "टाक, अजून टाक" म्हणून भूक सांगायचा. त्याला बघून पोरं खिदळायची, आणि हसता हसताच गप्प व्हायची. तसाच रचला होता तो प्रसंग.

दिवेलागण झाली. चारसहा पोरं आली. एक म्हातारी आली, तिला ऐकू येत नव्हतं. नंतर कोणी आलं नाही.

"जेवनं होत असतीन," रंगराव म्हणाला.

जेवणं झाली होती. धम्मशीलेला समोरच्या घरांची दारं दिसत होती, प्रत्येक दार पंजाभर उघडं. त्या फटींत लुगड्याचे काठ होते, गाऊनची बाही होती, पोराला घेतलेला एक कोपर होता. बाया उभ्या होत्या आणि येत नव्हत्या.

शेवटी रंगरावच उठून एका दाराशी जाऊन आला. "पुष्पाबाई फिरून गेली म्हन्तेत. जी सतरंजीवर दिसन, तिनं उद्या रिक्षात बसू नये."

पुष्पाबाई मुकादमीण. उत्तमरावाच्या वावरात बाया नेण्याचं, त्यांचा कापूस मोजून घेण्याचं काम तिचं. तिची रिक्षा चुकली की दिवस चुकला.

नागसेननं ढोलकीच्या दोऱ्या सैल करायला घेतल्या. त्याच्या तोंडावर राग नव्हता, त्यापेक्षा वाईट होतं ते होतं.

धम्मशीलेनं सतरंजीची दोन टोकं उचलली, दोन रंगरावाला दिली. झटकून, घडी घालून ती म्हणाली, "लोक खेळाले येत नाईत तं खेळ लोकाइत जाईन. उद्या त्या कुठी राह्यतीन?"

"कोन?"

"बाया."

"उत्तमरावाच्या कापसात. अजून कुठी?"

"मंग तिथंच."

रंगरावानं पोटाचा डबा सोडता सोडता तिच्याकडं बघितलं. "डोकं फिरलं काय व तुयं?"

"वावर त्याचं हाय. धुऱ्यालगतचा गाडरस्ता त्याचा नाई, थो सरकारचा हाय." मग नागसेनकडं वळून, "दुपारच्याले ढोलकी घेऊन रस्त्यावर येजा."

नागसेन ढोलकी खांद्याला लावून घराकडं चालू लागला.

*

सकाळी रिक्षापाशी पुष्पाबाईनं तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. आभाळ आणखी खाली आलं होतं. वावर पांढरंफटक पडलेलं, पाणी लागलं तर सारा कापूस काळा. गावात एक रिकामा हात उरला नव्हता.

"तोंड बंद ठेवशीन तं बस."

धम्मशीला बसली. कोणी तिच्याकडं बघेना. रिक्षाभर बाया स्वतःच्या गुडघ्यांकडं बघत गेल्या.

वावरात उतरल्यावर कमरेला ओट्या बांधून प्रत्येकीनं आपापली पात धरली. दोन दोन ओळींची पात. वावराच्या बांधापासून, म्हणजे धुऱ्यापासून सुरू, पलीकडच्या टोकाला पोचून पुन्हा धुऱ्याकडं. बोंडाच्या पाकळ्या सुईसारख्या. बोटं आत घालायची, कापूस ओढायचा, ओटीत टाकायचा, की दुसरं बोंड. नुसता सरसर आवाज. एरवी पातीला लागलं की बायांची तोंडं सुटत. आज मुकी पात चालली होती, मयतासारखी.

निम्म्या पातीवर शेजारच्या वंदनाला राहवेना. "काल काय होतं व, शीले?"

"काय होतं मंजे? सतरंजी होती."

"नाई पन, खेळात?"

"दारातून दिसलं नाई काय?"

वंदना ओशाळली. "टोचू नोको व माय. पोराचं दूध बंद होईन, या मालकानं काढलं तं." दोन बोंडं वेचून म्हणाली, "थो रंगराव मशीन होते म्हन्तेत. खरं काय?"

"होते. अन् मी मालक."

"तू? मालक?"

पलीकडच्या दोघी हसल्या. तेवढं हसू धम्मशीलेला पुरे झालं. तिनं एक फुटकं बोंड घेतलं, कापूस दोन्हीकडं ताणला, थुंकी लावून नाकाखाली चिकटवला. पांढरी मिशी. मग अंगठा फिरवला आणि छाती काढून म्हणाली, "मी म्हन्तो ना!"

साऱ्या पातीतून हसू गेलं, वारा पिकातून जातो तसं.

"मी म्हन्तो ना, जायी काढून टाका मशीनची! जायी असली तं मशीन हयूहयू खाते. अन् मले घाई हाय! गड्याचे हात काय, रोजानं भेटतेत!"

"ए!" मागून पुष्पाबाई धावत आली. "तुले सांगतलं होतं ना, तोंड बंद!"

धम्मशीलेचे दोन्ही हात बोंडात होते. "हात थांबले काय, पुष्पाबाई? पाह्य. मालक हाताची मजुरी देते. तोंडाची देत असन तं सांग, बंद ठेवतो."

पुष्पाबाईनं पातीवरून नजर फिरवली. कोणाचेच हात थांबले नव्हते. उलट चालता चालता बोलणाऱ्या धम्मशीलेच्या जवळ राहावं म्हणून मागं पडलेल्याही भराभर वेचत पुढं येत होत्या. पुष्पाबाई काहीतरी पुटपुटली आणि धुऱ्यावरच्या बाभळीखाली जाऊन बसली.

खेळ पातीसंगं चालला. धम्मशीला मालक झाली, डॉक्टर झाली, खाली मान घालणारा पंच झाली. पण थ्रेशर तिला होता येईना, आणि ज्याच्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं ते माणूस आलं नव्हतं. पात परत धुऱ्याकडं वळली. सूर्य नव्हता, तरी दुपार झाली होती. गाडरस्ता रिकामा.

"मंग?" वंदना म्हणाली. "मंग मशीननं काय केलं?"

"थांब."

"कोनासाठी?"

बोंडाच्या टोकानं धम्मशीलेचं बोट फाटलं होतं. तिनं ते तोंडात घातलं.

तेवढ्यात रस्त्याच्या वळणापलीकडून ठेका आला. अडखळून, एक ठोका मागून.

पुढं रंगराव, पोटाला डबा. मागं नागसेन. आणि दोघांच्या मागं, काठी टेकत, महामाया. "हा घरून निंगेना," रंगराव लांबूनच ओरडला, "बुढीनं काठी उगारली तवा उठला!"

"खोटं," नागसेन म्हणाला. "ढोलकी तापवाले येळ लागला."

रंगरावानं रस्त्यावर दोन्ही हात उघडले. घर्र, घर्र. "टाक! अजून टाक!" बाया हसू लागल्या. धम्मशीला धुऱ्यापाशी कापसाच्या मिशीवर अंगठा फिरवून ओरडू लागली, "घाई करा, भाव चालला! मी म्हन्तो ना!" ढोलकी चढली. आणि एका क्षणी घरघर थांबली, ढोलकी थांबली, हसणं अर्ध्यावर राहिलं.

इथं नागसेनचं वाक्य होतं. सरावात ते त्यानं कधीच पुरं म्हटलं नव्हतं. दर खेपेला धम्मशीला त्याच्या वतीनं म्हणायची.

त्याच वेळी फटफटी आली. उत्तमराव उतरला. त्यानं बायांकडं बघितलं, डब्याकडं बघितलं, धम्मशीलेच्या नाकाखालच्या कापसाकडं बघितलं. त्याचा अंगठा आपसूक मिशीकडं गेला आणि निम्म्यातून परत आला. पातीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"काय तमाशा लावला बे?"

नागसेननं ढोलकी गळ्यातून काढली आणि आईच्या हाती दिली. मग उजवा हात वर केला. डोक्याच्या वर, पंजा उघडा, अंगठा आणि करंगळी आणि मधलं मोकळं आभाळ.

"मी पेलो नव्हतो," तो म्हणाला.

त्यानं पुन्हा म्हटलं, आता उत्तमरावाकडं बघून. "मी पेलो नव्हतो, मालक. मशीनले जायी नव्हती. मी सकायीच म्हनलो होतो, जायी लावा. तुमी म्हनले, घाई हाय."

हात तसाच वर होता. आणि महामायेनं, रस्त्याच्या मधोमध उभं राहून, आपल्या दोन ओळी सोडल्या. पेरलं थे उगवते. म्हाताऱ्या गळ्यात सूर नव्हता, जोर होता.

उत्तमरावानं धम्मशीलेकडं बोट केलं. "हो बाहीर. माया वावरातून आत्ताच्या आत्ता. पुष्पे, हिची पात कापून टाक."

धम्मशीलेनं ओटी सोडली, निम्मी भरलेली, आणि धुऱ्यावर ठेवली. एक पाऊल पलीकडं टाकून ती रस्त्यावर गेली. "झाली बाहीर," ती म्हणाली. "रंगरावदादा, मशीन सुरू करा. पहिल्यापासून."

उत्तमरावानं तोंड उघडलं. पण समोर बाया वेचत होत्या. मान खाली, हात बोंडात, सगळ्या. आभाळात कुठंतरी गुरगुरलं. त्यांना थांबवावं तर कापूस थांबणार होता. तो फटफटीपाशी उभा राहिला आणि नाइलाजानं खेळ बघत राहिला.

वंदनाची पात धुऱ्याला भिडली. वळण्याआधी ती वाकली, स्वतःच्या ओटीतून मूठभर कापूस काढला आणि धम्मशीलेच्या ओटीत टाकला. मागून दुसरी आली, तिनंही मूठ सोडली. अंगावर पोर असलेली एखादी मागं पडली की बाकीच्या तिची पात अशीच ओढून नेतात. वावरातली रीतच ती, कोणी कोणाला सांगावी लागत नाही. तिसरी आली, चौथी आली. वळता वळता वंदनानं महामायेच्या ओळीला ओळ जोडली, बिचकत, मग मोठ्यानं,

"नको पुसू पीक माय, पाह्य आमच्या हाताले
तुयी तीन बोटं आली, एकेकीच्या वाट्याले"

म्हातारी एकदम वळली. "कोन व थे?" तिनं विचारलं. "शाबास! अजून म्हन!"

*

सांजेला बाभळीला वजनाचा काटा टांगला. बायांनी गाठोडी बांधून रांगेत ठेवली. पाऊस अजून आला नव्हता. निम्म्याहून जास्त वावर अजून पांढरं होतं. रस्त्याच्या कडेला जागल कलापथक भाकर खात बसलं होतं, वंदनानं दिलेली.

रांगेच्या सुरुवातीला एक गाठोडं होतं, सगळ्यात मोठं.

"हे कोनाचं?" उत्तमरावानं विचारलं.

"धम्मशीलेचं," पुष्पाबाई म्हणाली.

"तिले काढलं ना मी? थे सोड. बाकीचं मोज."

पुष्पाबाईनं काट्याचा आकडा हातात धरला होता. तिनं बायांकडं बघितलं. वंदना आपल्या गाठोड्यावर बसली. मग दुसरी बसली. एकेक करत सगळ्या आपापल्या गाठोड्यावर बसल्या, पाय सोडून, दिवसभराची पाठ ताणत, जणू घरी जायची कोणाला घाईच नव्हती.

"उठा व," उत्तमराव म्हणाला. "आभाय पाह्यलं काय?"

"पाह्यलं ना," वंदना म्हणाली. "तुमीच पाह्यजा, मालक."

त्यानं वर बघितलं, मग वावराकडं. "पुष्पे, उद्या किती बाया आनशीन?"

दहा वर्षांत पुष्पाबाई या माणसाला उलटून बोलली नव्हती.

"आज होत्या तितक्या," ती म्हणाली. "तिच्यासगट. नाई तं एक बी नाई." आणि वाकून तिनं ते सगळ्यात मोठं गाठोडं दोन्ही हातांनी उचललं आणि काट्याला अडकवलं. "धम्मशीला!" हजेरी घेतल्यासारखं ती मोठ्यानं ओरडली. "ये इकडे, आपलं वजन पाह्यून घे!"

धम्मशीला भाकर हातात घेऊनच धुरा ओलांडून आत आली. उत्तमराव तिच्या वाटेत उभा होता. ती थांबली नाही. तोच एक पाऊल बाजूला झाला.

काट्याशी पोचल्यावर पुष्पाबाईनं तिच्या नाकाखाली चिकटून राहिलेला कापूस अंगठ्यानं पुसून काढला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "उद्या जरा मी बाया पातीले लावल्यावर सुरू करजो व. आज खेळाचा पहिला भाग ओरडन्यातच गेला माया."